खालच्या पाच रांगा

रंभाजी हवालदाराने पलटणीत एकवीस वर्षं काढली. बर्फात पहारे दिले, वाळवंटात तंबू ठोकले, दोन लढाया पाहिल्या. पण हुकूम मुकाट्यानं झेलायचा म्हणजे काय, हे त्याला नीट कळलं ते पेन्शनीत निघाल्यावर, भिंगारच्या स्वतःच्या घरात, सतरंजीवर मांडी घालून सुईत दोरा ओवताना. सन एकोणीसशे सत्तरची दिवाळी तोंडावर आली होती आणि त्याच्या पुढ्यात चाळीस फुगे शिवायचे पडले होते.

त्याचं झालं असं. रंभाजीची एकुलती एक लेक मनकर्णा वैशाखात देवळाली प्रवराला दिली होती. उसाचं घर, दारात दोन बैलजोड्या, जावई कानिफनाथ तर इतका गरीब स्वभावाचा की चहात साखर नसली तरी तसाच पिऊन टाकील. सगळं चांगलं होतं, पण विहीण होती भागिरथीबाई. गोधडी शिवावी तर भागिरथीबाईनं, असं त्या गावात म्हणत, आणि सगळ्यांत जास्त ती स्वतःच म्हणे. नागपंचमीला लेकीला आणायला केशरबाई देवळालीला गेली, तेव्हा विहिणीनं ओसरीवर एकामागून एक सात गोधड्या उलगडल्या. टाका असा की मुंगीनं पाय मोजून टाकावा. सातवी उलगडून झाल्यावर भागिरथीबाई म्हणाली, “तुमच्या भिंगारात काय बाई, सरकारी कांबळं मिळत्यात. सुई धरायची येळच येत नसंल.”

केशरबाईला ते झोंबलं. मागचापुढचा विचार न करता ती बोलून गेली, “दिवाळसनाला जावईबापूस्नी मी अशी रजई करून देते, का अख्ख्या प्रवराकाठी कुनी पाह्यली नसंल.”

“बघू की,” भागिरथीबाई म्हणाली, आणि सातही गोधड्यांच्या घड्या घालायला लागली.

परत येताना एस.टी.त केशरबाई राहुरीपासून नगरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. कारण अशी रजई असते कशी, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ती तिला सापडली भादव्यात. छावणीतल्या एका कप्तानाच्या बायकोला केशरबाई पापड-लोणचं नेऊन देई. तिथं मागच्या अंगणात दोरीवर एक रजई उन्हात घातलेली होती. चौकोन चौकोन, आणि प्रत्येक चौकोन गच्च फुगलेला, जसा काही बेकरीतून नुकताच निघालेला पाव. केशरबाईनं ती उलटी केली, सुलटी केली, बोटानं दाबून पाहिली. कप्तानाची बायको हौशी होती. तिनं बसवून सगळं समजावून सांगितलं. खालचा चौकोन वीतभर, वरचा त्याहून चार बोटं मोठा. कोपऱ्याला कोपरा लावायचा, उरलेल्या कापडाची प्रत्येक बाजूला मधोमध चूण घ्यायची, तीन बाजू शिवायच्या, चौथ्या बाजूनं कापूस भरायचा आणि तोंड शिवून टाकायचं, की झाला एक फुगा. अशा आठाआठाच्या दहा रांगा, ऐंशी फुगे जोडले की झाली रजई.

जुनी लुगडी निघाली, खण निघाले, मनकर्णाचे लहानपणचे परकर निघाले. रंभाजी येता-जाता हसायचा. “रजई हाय का पावाची लादी? जावई पांघरंल का चहात बुडवंल?” केशरबाई पुढचा खण कापायला घ्यायची. दसऱ्यापर्यंत तिनं वरच्या पाच रांगा पुऱ्या केल्या. चाळीस फुगे. दिवाळीपर्यंत उरलेले चाळीस आरामात झाले असते.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी ती जळमटं काढायला स्टुलावर चढली. “स्टूल धरा,” ती रंभाजीला म्हणाली. रंभाजीनं धरलंही. पण तेवढ्यात रस्त्यावरून बन्सी न्हाव्यानं हाक मारली, “हवालदार, येता का दाढीला?” हाकेला ओ द्यायला रंभाजी दोन पावलं दाराकडं गेला, आणि मागं धाडकन आवाज झाला.

उजव्या हाताचं मनगट मोडलं. नगरच्या दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, हात गळ्यात अडकवला आणि डॉक्टरांनी सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. परतीच्या टांग्यात भिंगार नाल्यापर्यंत केशरबाई डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, “चाळीस झालेत. चाळीस ऱ्हायलेत.”

“आता कशाचं काय,” रंभाजी म्हणाला. “जावयाला शर्ट-पँटीचं कापड घिऊन टाकू.”

“सुई तुमी धरायची.”

रंभाजीला वाटलं, दुखण्यानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. “मी? अगं, मी हवालदार हाय!”

“स्टूल कुनी सोडलं?”

 रंभाजीनं घोड्याच्या कानांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, मग हळूच म्हणाला, “शेजारच्या आक्काबाईला सांगू की. ती दीईल शिवून.”

“आक्काबाईची भन देवळालीत दिलीया. रजई जायच्या आधी बातमी जाईल. इहीनबाई म्हनतील, बघा, भिंगारकरनीनं भाड्यानं शिवून आनली. आन् नवऱ्याकडनं शिवून घेतली म्हनून कळलं तर मंग मी तोंडच दाखवायला नको. कुनाला कळता कामा नये.”

या शेवटच्या वाक्याशी मात्र रंभाजी पुरता सहमत होता. मिशीला पीळ देऊन रोज पाच वाजता बन्सीच्या दुकानासमोर बाकावर बसणारा माणूस तो. तो घरात फुगे शिवतो हे कळलं, तर त्या बाकावर पुन्हा बसायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दार बंद करून काम सुरू झालं. सुई धरायला रंभाजी अगदीच नवखा नव्हता. पलटणीत प्रत्येकाजवळ सुईदोऱ्याची पुरचुंडी असायची, तुटलं बटण ज्याचं त्यानं लावायचं. पण बटण वेगळं आणि फुगा वेगळा. पहिला फुगा शिवायला त्याला सकाळचा चहा ते दुपारची भाकरी इतका वेळ लागला. शिवून झाल्यावर तो हातात धरून त्यानं बायकोला दाखवला.

केशरबाईनं डाव्या हातानं तो उचलला. “हे काय हाय?”

“फुगा.”

“मला वाटलं, सुजल्याला गुडघा. उसवा.”

“सगळा?”

“सगळा. चूण मदोमद आली पायजे. तुमची एकीकडं पळालीया. आन् टाका जवळ घ्या. एवढ्या टाक्यातनं उंदीर जाईल.”

रंभाजीनं उसवला. पुन्हा शिवला. पुन्हा उसवला. एकवीस वर्षांत एकाही सुभेदारानं त्याला इतक्या वेळा ‘फिरून कर’ म्हटलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला फुगा फुग्यासारखा दिसायला लागला. केशरबाईनं तो नुसता बाजूला ठेवला. ती शाबासकी आहे हे रंभाजीला कळायला जरा वेळ लागला.

मग मात्र त्याला त्यातली गोडी लागली. त्यानं मनकर्णाच्या जुन्या दप्तरातली पट्टी काढली आणि चूण मोजून घ्यायला लागला. दोऱ्याला मेण लावायची युक्ती त्याची. साध्या धावदोऱ्यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून तो उलटी टीप घालायला लागला, प्रत्येक टाका मागं नेऊन पुढं. “अशी टीप घातली तर तोफेनं बी उसवायची न्हाई,” तो म्हणाला. “जावई काय तोफ डागनार हाय का रजईवर?” केशरबाई म्हणाली, पण टीप तिनं घालू दिली. एक रांग पुरी झाली की तो ती सतरंजीवर अंथरी आणि गुडघ्यावर बसून एका डोळ्यानं पाही. एखादा फुगा पुढं आला असला तर बोटानं मागं ढकलून रांग सरळ करायचा कवायतीतला हुकूम पुटपुटे, “दहिने सज!”

त्रास एकच होता, तो कापसाचा. दसरा झाला तरी उन्हाची तलखी होती. दारं-खिडक्या लावलेल्या, अंगाला घाम, आणि त्या घामाला पिंजलेला कापूस चिकटे. कानात, भुवईत, छातीच्या केसांत. एके दिवशी संध्याकाळी तो बन्सीच्या दुकानात दाढीला बसला तेव्हा बन्सीनं मिशी कातरायला हात लावला आणि थांबला.

“हवालदार, मिशीत कापूस हाय.”

“असंल.”

“कापूस? मिशीत?”

“कान दुखतुया,” रंभाजी म्हणाला.

बन्सीनं मिशी आणि कान यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि कात्री चालवली. पण न्हाव्याच्या मनात एकदा गोष्ट शिरली की ती तिथं एकटी राहत नाही. हवालदार हल्ली बाकावर येऊन बसत नाहीत. दिवसभर दार बंद. आणि परवा पिंजाऱ्याकडून हवालदार गाठोडंभर कापूस घेऊन निघालेले बन्सीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

तिकडं शेजारच्या आक्काबाईनंही आपल्या परीनं चौकशी चालवली होती. ती रोज दार वाजवी. रंभाजी दाराची एकच फळी किलकिली करी, तीही नाकाएवढी.

“केशर कशी हाय?”

“बरी हाय.”

“बघते की जरा.”

“झोपलीया.”

सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, तिन्हीसांजेला झोपलेली. मनगट मोडलेली बाई इतकी कशी झोपेल? आठव्या दिवशी दुपारी आक्काबाईनं दार न वाजवता खिडकीच्या फटीला कान लावला. त्या वेळी केशरबाई खरंच आतल्या खोलीत गोळी घेऊन झोपली होती, आणि रंभाजी एकटाच सातव्या रांगेतल्या फुग्यांशी बोलत बसला होता. केशरबाईनं सांगितलेलं सगळं तोंडानं म्हणत गेलं की हात चुकत नाही, असं त्याच्या ध्यानात आलं होतं.

आक्काबाईला ऐकू आलं ते असं. “पोट लईच फुगलंया. कापूस नीट कोंबला पायजे.” मग जरा शांतता. “आता तोंड शिवून टाकू. गच्च.” मग एक सुस्कारा आणि, “आता चौघं ऱ्हायले. चौघं आले रांगेत, की सुटलो बाबा.”

 आक्काबाई पदर सावरत रस्त्यावर आली आणि तिथून थेट बन्सीच्या दुकानात. “गेली रं बन्सी,” ती म्हणाली. “केशर गेली. मान्सानं कुनाला सांगितलं बी न्हाई. येकटाच कापूस भरतुया. खांदा द्यायला चौघं बगतुया.”

बन्सीच्या डोळ्यांपुढं मिशीतला कापूस उभा राहिला. “आरारा,” तो म्हणाला. “दुःखानं डोकं फिरलं त्येचं.” गिऱ्हाईकाची एक बाजूची दाढी तशीच ठेवून तो उठला.

अर्ध्या घटकेत गल्लीतल्या सात-आठ बाया पदर डोक्यावर ओढून रंभाजीच्या दाराशी जमल्या. मागं बन्सी, त्याच्यामागं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. बन्सीनं दाराला खांदा लावला. कडी जुनी होती, पहिल्याच धक्क्यात निघाली. दार उघडताक्षणी आक्काबाईनं हंबरडा फोडला, “केशरऽ! अगं माझे बाईऽ! भरल्या घरातनं उठून कशी गं गेलीस!”

रंभाजी सतरंजीवर बसलेला होता. तोंडात दोरा, बोटात सुई, मांडीवर लालहिरवी पावाची लादी, आणि अंगभर कापूस. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, कारण दोरा दाढेत अडकला होता.

त्या हंबरड्यानं आत केशरबाई दचकून जागी झाली. बाहेर आक्काबाई रडते आहे, बायांनी डोक्यावर पदर घेतले आहेत, एवढंच तिला दिसलं. आक्काबाईच्या घरात कुणीतरी गेलं, असं तिच्या मनानं घेतलं. ती तशीच प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन धावली आणि आक्काबाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली. आक्काबाई तिला मिठी मारून आणखी मोठ्यानं रडली. दोघी चांगल्या रडल्या. मग केशरबाईनं नाक पुसत विचारलं, “कोन गेलं गं, आक्का?”

आक्काबाई रडता रडता म्हणाली, “तू गं बाई, तू!”

मग दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

पुढची पाच मिनिटं भिंगारच्या त्या गल्लीत कुणी काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही, इतका हशा उसळला. हसला नाही तो एकटा रंभाजी. दाढेतला दोरा काढून तो भिंतीकडं तोंड करून बसला. बन्सी त्याच्याजवळ आला, वाकला, आणि मांडीवरच्या रांगेवर त्यानं बोट फिरवलं. रंभाजी वाट पाहत राहिला, आता हा काहीतरी बोलेल आणि आपला जन्मभराचा बाक जाईल.

“हवालदार,” बन्सी म्हणाला, “ह्यो टाका कसा घातलाय? लई नामी बसलाय.”

“उलटी टीप,” रंभाजी भिंतीकडं पाहतच म्हणाला.

केशरबाईनं त्या दिवशी देव्हाऱ्यापुढं उभं करून आक्काबाईला शपथ घातली. बाकीच्या बायांनीही शब्द दिला. देवळालीच्या विहिणीला काही कळता कामा नये. रजई केशरबाईनं शिवली, शेवटचा टाका घातला, आणि मग ती स्टुलावरून पडली. असंच सगळ्यांनी सांगायचं. आक्काबाईनं आयुष्यात एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली नव्हती. दिवाळीपर्यंत तिला जेवण जाईना म्हणतात.

रजई धनत्रयोदशीला पुरी झाली. दुसऱ्या दिवशी मनकर्णा आणि जावई आले, आणि त्यांच्या मागोमाग एस.टी.तून भागिरथीबाईही उतरली. “म्हनलं, अख्ख्या प्रवराकाठी न्हाई अशी वस्तू हाय, तर डोळ्यांनीच बघावी,” ती म्हणाली.

पाडव्याच्या दिवशी मनकर्णानं नवऱ्याला ओवाळलं. केशरबाईनं डाव्या हातानं खूण केली, तशी रंभाजीनं घडी आणली. घडी कसली, गाठोडंच ते. दोन्ही हातांच्या कवेत मावेना. ती उलगडून त्यानं जावयाच्या अंगावर घातली. दुपारचं ऊन होतं. पाटावर बसलेल्या कानिफनाथाचं नुसतं डोकं वर राहिलं. कपाळावरून घामाचा ओघळ नाकावर आला, पण तो म्हणाला, “लई ऊब हाय, मामा. लईच.”

दारात गल्लीतल्या बाया गोळा झाल्या होत्या, मागं बन्सीही होता. आक्काबाई पदराचा बोळा तोंडात धरूनच उभी होती.  भागिरथीबाईनं पदर खोचला, चष्मा लावला आणि मुलाच्या अंगावरची रजई एका कडेनं हातात घेतली. फुगा दाबला. चुणीवर नख फिरवलं. एक रांग, दुसरी रांग. पाचवीपर्यंत तिचा हात सरसर गेला. सहाव्या रांगेवर थांबला. ती खाली वाकली. चष्मा वर सरकवला. मग परत वरच्या रांगेकडं गेली, आणि परत खाली आली.

“केशरबाई,” ती म्हणाली, “ह्या वरच्या पाच रांगा तुमीच शिवल्यात?”

“व्हय की.”

“आन् ह्या खालच्या?”

“त्या बी मीच.” केशरबाईनं डाव्या हातानं पदर सारखा केला. “सगळी मीच.”

“तसं असंल,” भागिरथीबाई म्हणाली. “पर बाई, वरचं काम पोरीबाळीचं वाटतंया. बरं हाय, वंगाळ न्हाई. खालचं मात्र खरं कसबाचं. एकेक टाका बगा, मोत्याची वळ जशी. असा टाका माज्या आईनंतर मी पाह्यला न्हवता.”

दारातल्या बायांत चुळबुळ झाली. केशरबाईचा चेहरा लाल झाला. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत बारीक कामाला पोरीबाळीचं काम म्हटलं होतं, आणि ते ऐकून तिनं खूश व्हायचं होतं. तिला ते जमेना. “आवो, त्या खालच्या रांगा घाईत झाल्या,” ती म्हणाली. “दिवाळी जवळ आल्ती. वरच्याच नीट हायेत. खालच्या आपल्या कशा तरी रेटल्या.”

रंभाजी तोवर खांबाला टेकून, हाताची घडी घालून, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत उभा होता. या सगळ्याशी आपला काही संबंध नाही असा चेहरा त्यानं मोठ्या कष्टानं धरून ठेवला होता. विहिणीनं मोत्याची वळ म्हटलं तेव्हा त्याच्या मिशीची टोकं जराशी हलली होती, एवढंच. पण ‘कशा तरी रेटल्या’ हे शब्द कानावर पडले आणि त्याची घडी सुटली.

“घाईत?” तो ओरडला. “घाईत? एकेक फुगा तीन-तीनदा उसवलाय मी! पट्टी लावून चूण घेतलीया! बोटं बघा माझी, चाळणी झालीया! आन् म्हनती, रेटल्या!”

 रजईतून जावयाचं डोकं सावकाश सासऱ्याकडं वळलं. मनकर्णानं पदर तोंडाशी नेला. आणि दारात आक्काबाई, जिला आठ-दहा दिवस धड गिळता आलं नव्हतं, ती मोकळ्या आवाजात म्हणाली, “मी न्हाई सांगितलं! देवाशप्पत, मी न्हाई सांगितलं!”

केशरबाईनं कपाळाला हात लावला, आणि नेमका तो प्लास्टरचा होता.

भागिरथीबाईनं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि रंभाजीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. एवढा थोरला गडी, एवढ्या थोरल्या मिशा. ती काही हसली नाही. “इवाई,” ती म्हणाली, “सुई-दोरा आना.”

“काय करता?”

“आना तर. माज्या म्होरं एक फुगा शिवून दाखवा. मान्साचा सबूद काय, कुनी बी म्हनंल.”

मग पाडव्याच्या भर दुपारी, गल्लीतल्या बायांसमोर, बन्सीसमोर, जावयासमोर हवालदार रंभाजी सतरंजीवर मांडी घालून बसला. दोरा मेणातून ओढला. चूण घेतली. बायांना नीट दिसावं म्हणून हात जरा वर धरला. भागिरथीबाई समोर बसून पाहत होती, आणि थोड्याच वेळात तिला राहवेना.

“टाका मागं घेता तवा दोरा ढिला सोडा की जरा. कापड आवळतंया.”

“आवळायलाच पायजे. ढिला सोडला तर धुतल्यावर सुटंल.”

“साठ वरसं धुतीया मी गोधड्या! न्हाई सुटत!”

“त्या पातळ असत्यात. ह्येच्यात कापूस हाय. कापूस आतनं जोर करतुया.”

“मला कापूस शिकवू नगा, इवाई!”

असं ते दोघं दिवेलागणीपर्यंत भांडले. मधे चहा झाला, फराळाची ताटं आली. जावयाला अखेर त्या रजईतून कुणीतरी सोडवलं तेव्हा त्याचा सदरा पिळून काढावा लागला. केशरबाई आधी चूल धरून रुसून बसली होती. पण भागिरथीबाई तिच्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, सुई तुमीच त्येंच्या हातात दिली न्हवं? माजा जलम गेला, आमच्या मान्सानं कंदी पान्याचा तांब्या उचलला न्हाई. तुमी हवालदाराला टाका शिकवलात. तुमचं कसब थोरलं.” त्यावर केशरबाईला रुसवा पुढं चालवायला काही कारण सापडेना. तिनं विहिणीला आणखी दोन करंज्या वाढल्या.

भाऊबीज आटोपून पाहुणे निघाले. स्टँडवर देवळालीची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, एवढं गाठोडं टपावर टाका. भागिरथीबाईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला लागला. ती खिडकीशी बसली, रजई मांडीवर घेतली, आणि खिडकीतून तिचं कुंकू, चष्मा आणि फुग्यांचा एक डोंगर एवढंच दिसायला लागलं.

गाडीनं हॉर्न दिला. तेवढ्यात भागिरथीबाईनं फुग्यांमधून हात बाहेर काढला. “इवाई! आठव्या रांगेतला ह्यो निळा फुगा बगा! ह्येची चूण जवभर डावीकडं गेलीया!”

“कुटं? न्हाई गेली!” रंभाजी खिडकीपाशी धावला. “मी मोजलीया!”

“बगा की, हितं! मला ल्ह्यान पोरगी समजता व्हय?”

“तुमी वाकडी धरलीया! सरळ धरा!”

गाडी हलली. रंभाजी एका हातानं धोतर सावरत खिडकीबरोबर चालू लागला, मग पळू लागला, आणि दुसरा हात आत घालून चूण सरळ करून दाखवू लागला. मागं केशरबाई आणि बन्सी उभे होते. गाडी फाटकापाशी वळली, तरी दोघांचे आवाज येतच होते.

“हवालदार आता राहुरीपतूर जात्यात बगा,” बन्सी म्हणाला.

“जाऊ द्या,” केशरबाई म्हणाली, आणि तिनं स्टँडवरच्या बाकावर सावलीत बसून घेतलं.